तवा वेगळा केला, चूल नाही

आमच्या नातलगांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतो. तुमच्याकडेही आला असेल. थोडक्यात असा: "ग्लूटेन हे शहरातल्या लोकांचं नवं खूळ आहे. आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्पिढ्या गहू खाल्ला, कोणाचं काही बिघडलं नाही. त्रास होत असेल तर देशी खपली गहू खा, पोळी खरपूस भाजा, रोज थोडी थोडी खा, शरीराला सवय होते. सोडायचाच असेल तर ज्वारीची भाकरी आहेच, बाकी सोंगं कशाला? वेगळी भांडी मागणाऱ्या सुना घर फोडतात." खाली जोडलेले हात आणि 'पुढे पाठवा'.

मीही तो पुढे पाठवला होता, हे आधीच सांगून टाकते. तेव्हा माझी धाकटी जाऊ दोन वर्षांपासून लोहाच्या गोळ्या खात होती, तोंड सारखं आलेलं, पोट धड नाही, आणि बाई वाळत चाललेली. गावातले म्हणत, "खात नाई व माय ते, नखरे हायेत." नागपूरला रक्ताची तपासणी झाली, मग दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा तपासला, तेव्हा नाव कळलं: सिलिअ‍ॅक. ग्लूटेन म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, ते पोटात गेलं की तिचं शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर उठतं. अन्न शोषणारे आतड्यातले बारीक अंकुर झिजतात, मग गोळ्या खा नाहीतर तूप खा, अंगी लागत नाही. आमच्या घरात अकरा माणसं आणि स्वयंपाकघर एक. म्हणून हे उत्तर.

खूळ नवं आहे म्हणे. लंडनच्या सॅम्युअल जी या डॉक्टरने या आजाराचं नेमकं वर्णन १८८८ साली छापलं. कारण गहू आहे हे मात्र हॉलंडच्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाने दाखवलं. १९४४-४५च्या हिवाळ्यात युद्धामुळे तिथे उपासमार झाली, पाव मिळेना, आणि नवल म्हणजे ही आजारी मुलं सुधारली. पाव परत आला तसा आजारही परतला. १९५० साली त्याने प्रबंधात हे मांडलं. आपल्याकडे दिल्ली परिसरात केलेली पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात साधारण ९६ माणसांमागे एकाला हा आजार निघाला. दक्षिणेकडे प्रमाण बरंच कमी आहे. एक गोष्ट मेसेजच्या बाजूची: बाकीच्या बहुतेकांना गहू सोडायची काही गरज नाही. वजन उतरवायला म्हणून पोळी सोडणाऱ्यांना खूळ म्हणा, माझी हरकत नाही.

पूर्वजांचं म्हणाल तर ते नेमके कुठले? आमच्या सासूबाईंचं माहेर दारव्ह्याकडचं. त्या सांगतात, पोळी सणाला नाहीतर जावई आला तर. एरवी सकाळ-संध्याकाळ ज्वारीची भाकरी, आंबील, कण्या. रोजची पोळी आली ती रेशनच्या गव्हाबरोबर, आणि वावरातली ज्वारी सोयाबीनने खाल्ली तेव्हा. आणि कोणाचं बिघडलं नाही हे कशावरून? 'संग्रहणी झाली, खंगून गेली' असं म्हणून विषय मिटवलेल्या बायका प्रत्येक गावात होत्या. त्यांची तपासणी कोणी केली?

खपली गहू. तो गहूच आहे. जुना आहे, पुरणपोळीला उत्तम आहे, पण ग्लूटेन त्यातही आहे. सातूतही आहे, म्हणजे सातूचं पीठसुद्धा नाही. भाजून, तळून, आंबवून ते जात नाही. कुरड्यांसाठी गहू तीन दिवस भिजवून चीक काढतो, तेव्हा मला वाटलं होतं की चोथा टाकला म्हणजे सुटलं. नाही, चिकातही ते उरतंच.

'थोडी थोडी खा' हा सल्ला सगळ्यात घातक, कारण तो प्रेमाने दिला जातो. या आजारात सवय होत नसते. २००७ साली इटलीतल्या संशोधकांनी गहू सोडलेल्या रुग्णांना तीन महिने रोज फक्त ५० मिलिग्रॅम ग्लूटेन दिलं, तेवढ्यानेही आतड्याला इजा दिसली. ५० मिलिग्रॅम म्हणजे अर्धा-पाऊण ग्रॅम कणीक. एक चिमूट! पोटात दुखलं नाही म्हणजे पचलं, असंही नाही. आतड्याची झीज मुकाट्याने चालते.

आता भाकरीकडे येते, कारण इथे मेसेज अर्धा खरा आहे आणि अर्ध्या खऱ्यानेच आमचे चार महिने गेले. ज्वारी, तांदूळ, तूर, हरभरा, भगर, साबुदाणा, सगळं तिला चालतं. झुणका-भाकरी, पातोड्या, वरण-भात, ठेचा, जवसाची चटणी. दुकानातली महाग 'ग्लूटेन-फ्री' पाकिटं आमच्या घरात येत नाहीत, लागतही नाहीत. चतुर्थी-एकादशीला तर सगळं घर तिच्या ताटातलं खातं. मग गहू सोडल्यानंतरच्या पहिल्या तपासणीत रक्तातल्या आजाराच्या खुणांचा आकडा खाली का आला नाही?

पहिलं कारण चक्की. आमची ज्वारी गव्हाच्या दळणामागून पडायची. चक्कीवाल्या भाऊंना सांगून सकाळचं पहिलं दळण घेतलं, पण पाळ्यांत आदल्या दिवसाची कणीक बसलेली असतेच. शेवटी माळ्यावरचं जातं उतरवलं, धुऊन वाळवलं. आठवड्याला तिच्यापुरतं दळायचं. दळताना ओव्या कोणाला येत नाहीत, मोबाइल लावून बसतो. दुसरं कारण मीच. भाकरी फाटू नये म्हणून मी ज्वारीत मूठभर कणीक मिसळत होते, माझ्या आईची सवय. तिसरं सापडायला सगळ्यात वेळ लागला: हिंग. डबीवरची बारीक अक्षरं वाचा, बांधणीच्या, म्हणजे डबीतल्या तयार हिंगात बहुधा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. म्हणजे रोजच्या वरणाची फोडणीच तिला नडत होती. आता फोडणी लसूण-जिऱ्याची, आणि मामंजींना अजून ते वरण बेचव लागतं.

भांड्यांचं. मेसेज लिहिणाऱ्याला वाटतं सगळंच वेगळं लागतं. नाही लागत. स्टीलची ताटं, वाट्या, पातेली नीट घासली की सगळ्यांची तीच. आजार शिवल्याने लागत नाही, ती पंगतीत आमच्या शेजारीच बसते. गावात 'वेगळं भांडं' म्हटलं की लोकांना काय आठवतं ते मला कळतं, म्हणून हे ठासून सांगते. वेगळं आहे ते एवढंच: तवा, पोळपाट, चाळणी, पीठ ठेवायचा डबा. तव्यावर जुनी कणीक चिकटून राहते, लाकडाच्या भेगेतून ती निघत नाही, चाळणीच्या जाळीतूनही नाही. तळणाचं तेलही पाहावं लागतं. पुऱ्या काढलेल्या तेलात तिचे पापड तळायचे नाहीत.

मग घर फोडण्याची भाषा कुठून आली? मला वाटतं तव्यावरून नाही, क्रमावरून. कणीक उडायच्या आधी तिची भाकरी झाली पाहिजे, म्हणजे घरातल्या सगळ्यात लहान सुनेचं आधी शिजतं. आमच्याकडे बायका शेवटी जेवत, त्यातही धाकटी सगळ्यात शेवटी, तव्यावर उरेल ते. तिची भाकरी पहिल्यांदा झाकून ठेवली त्या दिवशी सासूबाई दिवसभर बोलल्या नाहीत. संध्याकाळी म्हणाल्या, "आमाले कोनी ठेवली नाई." त्या रागाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. पण यंदा महालक्ष्म्यांच्या नैवेद्याची आंबील त्यांनी जात्यावरच्या ज्वारीची केली, आणि पुरण पोळीत भरायच्या आधी एक वाटी तूप घालून बाजूला काढलं, कोणाला न सांगता.

मेसेजखाली कोणीतरी भर घातली होती: 'शंका असेल तर महिनाभर गहू सोडून बघा, बरं वाटलं तर तोच आजार.' हे करू नका. गहू सोडल्यावर रक्तातल्या खुणा ओसरतात, आतडं भरून यायला लागतं, आणि तपासणीत आजार निसटू शकतो. आधी तपासणी, मग सोडणं. सख्ख्या नात्यात दहा-पंधरा जणांमागे एकाला हा आजार निघू शकतो, म्हणून तिच्या चार वर्षांच्या पोराचं रक्त दिवाळीनंतर द्यायचं आहे. तोवर त्याला रोज पोळी चालू आहे, गूळ-तूप लावून, आईच्या ताटापासून हातभर लांब.