समुदायाचे मूल्य कसे काढावे : इंदूरकरांसाठी काही सूचना

रामबागेत, लोकमान्य नगरात किंवा सुदामा नगरात राहून आपण अजूनही एखाद्या समुदायाचे मूल्य त्यातली माणसे पाहून ठरवत असाल, तर ती सवय आधी सोडा. गणपतीत मांडव घालायला किती जण आले, सानंद संस्थेच्या नाटकाला शेजारच्या आजींना कोणी गाडीतून नेऊन आणले, असल्या गोष्टी एक्सेलच्या रकान्यात बसत नाहीत आणि जे रकान्यात बसत नाही ते गुंतवणूकदाराला दाखवता येत नाही. ब्लॉकचेनवरच्या, म्हणजे अनेक संगणकांनी मिळून ठेवलेल्या सामायिक डिजिटल वहीवरच्या, समुदायाचे तसे नसते. तिथे प्रत्येक व्यवहार सगळ्यांना दिसतो, कायमचा नोंदला जातो आणि मागाहून खोडता येत नाही. इतकी स्वच्छ वही आयती मिळाल्यावर ती वाचत बसण्याचे कारण उरत नाही. सरळ बेरीज करावी.

बेरजेची सर्वांत सोपी रीत म्हणजे मार्केट कॅप. शेवटचा सौदा ज्या भावाने झाला, त्या भावाने समुदायाच्या एकूण टोकनांना, म्हणजे वहीत नोंदलेल्या डिजिटल नाण्यांना, गुणायचे. समजा, आज संध्याकाळी आपण १०० कोटी टोकने काढली आणि त्यातले एक आपल्या मेव्हण्याला १० रुपयांना विकले, तर रात्री सराफ्यात भुट्ट्याचा कीस खायला पोहोचेपर्यंत आपला समुदाय १,००० कोटी रुपयांचा झालेला असतो. उरलेली टोकने त्याच भावाने कोण घेणार, असे एखादा सराफ विचारील. त्याकडे दुर्लक्ष करावे. विकलेला दागिना गिऱ्हाईक उद्या मोडायला परत आणील ही धास्ती सराफाला जन्मभर असते, त्यामुळे त्याची दृष्टी मुळातच कोती झालेली असते.

भाव सांगायला संकोच वाटत असेल तर सदस्यसंख्येचा वर्ग करावा. रॉबर्ट मेटकाफ यांनी १९८० च्या सुमारास इथरनेटचा, म्हणजे संगणक एकमेकांना जोडण्याच्या तंत्राचा, प्रसार करताना मांडलेला विचार असा, की जाळ्याचे मूल्य त्याला जोडलेल्या यंत्रांच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. कारण १० जणांत ४५ जोड्या जुळतात, १०० जणांत ४,९५० आणि १,००० जणांत ४,९९,५००. यंत्रांच्या जागी माणसे घातली की काम झाले. सगळ्या जोड्या सारख्याच मोलाच्या कशा, ही शंका ब्रिस्को, ओडलिझ्को आणि टिली या तिघांनी २००६ मध्ये सविस्तर मांडली होती आणि वाढ वर्गापेक्षा पुष्कळच संथ असते असे दाखवले होते. परंतु संथ वाढीचा आलेख प्रचारपत्रकात शोभत नाही, म्हणून आपण वर्गालाच धरून राहावे. ज्या टेलिग्राम गटात सकाळचे पोहे होण्याआधी शेकडो लोक 'जीएम' (म्हणजे गुड मॉर्निंग) एवढेच टाकून दिवसभर गप्प बसतात, त्या गटातही जोड्या तेवढ्याच जुळतात.

मात्र सदस्य मोजताना माणसे मोजण्याचा प्रमाद करू नये, वॉलेट, म्हणजे टोकने ठेवायची डिजिटल पाकिटे, मोजावीत. सप्टेंबर २०२० मध्ये टोकनांची अदलाबदल करून देणाऱ्या युनिस्वॅपने आपली सेवा पूर्वी वापरलेल्या प्रत्येक पत्त्याला, म्हणजे वॉलेटच्या खातेक्रमांकाला, ४०० टोकने वाटली. तेव्हापासून नव्या प्रकल्पाचा नुसता वास आला तरी एकेक माणूस डझनावारी पत्ते घेऊन दाराशी रांग लावतो आणि आत बसलेले संस्थापक रांगेकडे पाहून समुदाय वाढल्याचे जाहीर करतात. वाटप उरकल्यावर ही लोकसंख्या ओसरते. तेव्हा शिरगणती नेहमी वाटपाच्या आदल्या दिवशी करावी.

समुदाय किती लोकशाहीवादी आहे हे मोजणे तर फारच सोपे, कारण तिथे एका टोकनाला एक मत असते. आपल्याकडे सोसायटीच्या सभेत थकबाकीदारही उभा राहून तासभर बोलतो. तिथे ज्याच्याकडे टोकने अधिक त्याचे म्हणणे आपोआप अधिक लोकांचे ठरते. या पद्धतीचा सर्वांत निर्दोष प्रयोग १७ एप्रिल २०२२ रोजी बीनस्टॉक नावाच्या क्रिप्टो प्रकल्पात झाला. एका अज्ञात व्यक्तीने अब्जावधी रुपयांचे क्षणभराचे कर्ज उचलले, त्या बळावर दोन-तृतीयांशाहून अधिक मते मिळवली, सगळा खजिना आपल्याकडे वळवण्याचा ठराव रीतसर मंजूर करून घेतला आणि कर्ज फेडून टाकले. हे सारे एकाच व्यवहारात. प्रकल्पाचे सुमारे १८.२ कोटी डॉलरचे नुकसान झाले. सोबत युक्रेनला अडीच लाख डॉलर देणगी देण्याचाही ठराव होता, त्यामुळे समुदायाला सामाजिक भान नव्हते असे कोणी म्हणू शकणार नाही. नियम कुठेही मोडला गेला नाही, आणि मतदानाचे आकडे पाहिले तर लोकसहभाग घसघशीत होता.

याउलट रामबागेतल्या एखाद्या काकूंची भिशी पाहा. दर महिन्याला ठरलेल्या तारखेला बायका जमतात, चिठ्ठी निघते, साबुदाण्याची खिचडी होते. वहीला जुन्या कॅलेंडरच्या पानाचे कव्हर असते आणि आत एका नावासमोर पेन्सिलीने लिहिलेले असते, 'पुढच्या खेपेला देणार, सासूबाई दवाखान्यात'. हप्ता चुकला, तरी कोणी तिला बाहेर काढले नाही. उलट काकूंनी तिचे पैसे स्वतःच भरून टाकले. मोजमापाच्या दृष्टीने ही वही सपशेल निकामी आहे. त्या पेन्सिलीच्या ओळीचा कोणी भाव करत नाही, भिशीतली आपली जागा दुसऱ्याला चढ्या दराने विकता येत नाही आणि ओळ खोडरबराने पुसता येते.

संशोधन करताना आपल्याला काही अडचणीची उदाहरणेही भेटतील, ती टाळावीत. लेखकांना टोकनांत मोबदला देणारे स्टीम हे जाळे २०१६ मध्ये सुरू झाले. फेब्रुवारी २०२० मध्ये क्रिप्टो उद्योजक जस्टिन सन यांनी त्यामागची स्टीमिट कंपनी विकत घेतली आणि कंपनीजवळच्या टोकनांच्या भल्यामोठ्या साठ्यासह मतांचा गठ्ठाही त्यांच्या हाती आला. समुदायाने तो साठा गोठवला, तेव्हा काही मोठ्या एक्स्चेंजांनी, म्हणजे टोकनांच्या बाजारपेठांनी, ग्राहकांनी ठेवायला दिलेली टोकने वापरून उलट मतदान केले. हरलेल्या लोकांनी २० मार्च रोजी सगळ्या नोंदींची प्रत काढून हाइव्ह नावाने वेगळे बिऱ्हाड थाटले आणि तो वादग्रस्त साठा मात्र बरोबर घेतला नाही. विकत घेणाऱ्याकडे मूळ ब्लॉकचेन राहिली, कंपनी राहिली, नावही राहिले. अनेक लिहिणारे आणि प्रोग्रॅम लिहिणारे तेवढे उठून गेले. आता यात मूल्य कशाचे धरायचे? एकदा या प्रश्नात शिरलात की माणसे कशासाठी थांबतात आणि कशासाठी जातात हे विचारावे लागते, आणि त्याला वर्गही नाही आणि गुणाकारही नाही. म्हणून म्हणतो, हे प्रकरण तळटीपेत ढकला.

त्यापेक्षा कॉन्स्टिट्यूशनडाओ या इंटरनेटवर जमलेल्या गटाचे उदाहरण घ्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या राज्यघटनेची मूळ छापील प्रत लिलावात घेण्यासाठी १७ हजारांहून अधिक लोकांनी काही दिवसांत ४ कोटी डॉलरहून जास्त रक्कम जमवली. प्रत ४.३२ कोटी डॉलरला दुसऱ्यानेच नेली. ज्यांनी थोडे पैसे घातले होते, त्यांतल्या पुष्कळांना ते परत काढण्याचे ब्लॉकचेनवरचे शुल्क मूळ रकमेइतके किंवा त्याहूनही जास्त पडत होते. उद्देश संपला, मंडळी पांगली, परंतु त्यांचे टोकन बाजारात फिरत राहिले आणि पुढच्या महिन्यात त्याचा भाव चढलादेखील. समुदाय नसताना समुदायाचे मूल्य वाढते, याहून शुद्ध मोजमाप कुठले?

राहता राहिला कर. आपल्या देशात या सगळ्या मूल्याची शंका ज्याला कधीच पडली नाही असा एकच घटक आहे, तो म्हणजे आयकर विभाग. १ एप्रिल २०२२ पासून टोकनांसारख्या आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, खरेदीच्या किमतीशिवाय कोणताही खर्च वजा होत नाही, एका टोकनातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता करता येत नाही आणि पुढच्या वर्षात ओढताही येत नाही. त्यावर १ जुलै २०२२ पासून १ टक्का टीडीएस. तेव्हा विवरणपत्र भरायला सीएकडे जाताना सदस्यसंख्येचा वर्ग, वॉलेटांची शिरगणती आणि सकाळचे 'जीएम' घरीच ठेवून जावे. ते आपल्याला फक्त केव्हा घेतले, केव्हा विकले आणि हातात काय आले एवढेच विचारतील.