चोक म्हणजे रेस वाढवायची कांडी नव्हे

थंडी पडली की कार्ब्युरेटरवाल्या (हवा-पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग असलेल्या) गाड्यांसाठी एक सल्ला हमखास फिरायला लागतो. चोक ओढला की इंजिनात जास्त पेट्रोल जातं, म्हणून रेस, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या, वाढते. तेव्हा सकाळी चोक ओढून, एक्सिलेटर पिळत गाडी सुरू करा, पाच मिनिटं तशीच उभी ठेवा, आणि स्लो रेस (मूठ न पिळता चालणारी, म्हणजे आयडल) टिकत नसेल तर चोक अर्धा ठेवून खुशाल चालवा. जुनी स्प्लेंडर, पल्सर, बुलेट जिवापाड सांभाळणारी माणसंसुद्धा यावर विश्वास ठेवतात, म्हणून हे सविस्तर लिहावंसं वाटलं.

जास्त पेट्रोल म्हणजे जास्त रेस, ही समजूतच मुळात चुकीची आहे. १ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. हवा तेवढीच ठेवून पेट्रोल वाढवत नेलं, तर ते जळणार कशाच्या जोरावर? हे घरच्या घरी पडताळता येतं. काही कार्ब्युरेटरांच्या तोंडाशी हवा अडवणारी चोकची गोल पत्री असते. तशी गाडी चांगली गरम झाल्यावर चोक पूर्ण ओढा. आवाज जड होतो, इंजिन अडखळतं, सायलेन्सरमधून काळपट धूर येतो आणि बहुतेक वेळा गाडी बंदच पडते.

मग सकाळी चोक ओढल्यावर रेस चढते, ती कशी? थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही. बरंचसं पेट्रोल थेंबांच्या रूपात मॅनिफोल्डच्या (कार्ब्युरेटर ते इंजिन जोडणाऱ्या नळीच्या) भिंतींना चिकटून राहतं आणि सिलिंडरपर्यंत पातळ मिश्रण पोचतं. त्यात थंड ऑइल घट्ट, त्याचा वेगळा भार. चोक ही तूट भरून काढतो, अडखळणारं इंजिन नीट जळायला लागतं आणि रेस सावरते. शिवाय काही गाड्यांत चोकच्या दांडीला थ्रॉटल (मूठ पिळली की उघडणारी झडप) किंचित उघडणारी जोडणी असते. तिथे रेस चढते ती त्या उघडलेल्या थ्रॉटलमुळे.

पल्सरसारख्या मिक्युनी कंपनीच्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत तर पत्री नसतेच. आपण ज्याला चोक म्हणतो तो तिथे एक छोटा प्लंजर (दट्ट्या) असतो, त्याच्यावर स्प्रिंग आणि टोकाला रबराची टिकली. कांडी ओढली की तो वर उचलला जातो आणि थ्रॉटलला वळसा घालून जाणारी एक वेगळी वाट उघडते. त्या वाटेने पेट्रोल जातं, तशी जादा हवाही जाते. रेस चढते त्यात या हवेचाही वाटा असतो, आणि तीच सगळे विसरतात.

एक्सिलेटर पिळण्याचा सल्ला याच गाड्यांना सर्वांत जास्त नडतो. प्लंजरच्या वाटेने पेट्रोल खेचलं जातं ते बंद थ्रॉटलच्या मागे तयार होणाऱ्या व्हॅक्युममुळे. थ्रॉटल उघडला की तो व्हॅक्युम पडतो आणि चोकचा परिणामच कमी होतो. चोक ओढा, मुठीला हात न लावता किक मारा किंवा बटण दाबा.

पाच मिनिटांचं म्हणाल तर निफाडच्या डिसेंबरातल्या पहाटेही इतका वेळ लागत नाही. अर्ध्या-एका मिनिटात चोक अर्ध्यावर आणा, गाडी चोकशिवाय तग धरते असं दिसलं की पूर्ण बंद करा आणि पहिले एक-दोन किलोमीटर हलक्या हाताने चालवा. चालत्या गाडीचं इंजिन उभ्या गाडीपेक्षा लवकर तापतं. रत्नागिरीत मे महिन्यात तर चोकची गरज क्वचितच पडेल.

सगळ्यात घातक सल्ला अर्धा चोक ठेवून चालवण्याचा. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन काढतं आणि खाली ऑइलमध्ये मिसळून ते पातळ करतं. प्लग काजळीने काळा पडतो, ॲव्हरेज घसरतं. शिवाय खरा दोष तसाच दबून राहतो. गरम इंजिन चोकशिवाय चालत नसेल, तर मिश्रण पातळ आहे: स्लो जेटमध्ये (आयडलचं पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात) कचरा अडकलेला असेल, मॅनिफोल्डच्या रबराला चीर जाऊन गाडी हवा ओढत असेल, किंवा फ्लोटची (कार्ब्युरेटरच्या वाटीतल्या पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगीची) पातळी खाली असेल. आधी हे बघायचं. ते ठीक असेल, तर गाडी पूर्ण गरम करून आयडल स्क्रूने रेस कंपनीच्या आकड्यावर आणायची. आपल्याकडच्या १०० ते १५० सीसीच्या बऱ्याच गाड्यांत तो मिनिटाला १४०० फेऱ्यांच्या आसपास असतो.

उलटी तक्रारही तितकीच नेहमीची: चोक बंद आहे, तरी रेस चढलेली आणि पेट्रोल फार खातेय. प्लंजरवाली गाडी असेल तर स्क्रू पिळण्याआधी चोकची केबल बघा. कांडी पूर्ण बंद असताना केबलला थोडी ढील हवी. ती ताणलेली असेल तर प्लंजर खाली बसतच नाही. केबल ठीक निघाली तर प्लंजर बाहेर काढून टोकाची रबराची टिकली नखाने दाबून पाहा. कडक झाली असेल किंवा तिच्यावर खोल वळ उठला असेल, तर चोक बंद असूनही ती वाट झिरपतेय. प्लंजर बदला आणि मगच ट्युनिंग करा.