‘रोज १२०० कॅलरी, कोणालाही चालतात’ हा मेसेज पुढे पाठवण्याआधी हे वाचा

वजन कमी करण्याचं सोपं गणित म्हणून एक मेसेज सगळीकडे फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. त्यात थोडक्यात असं म्हटलंय: बाई असो की पुरुष, दिवसाला १२०० कॅलरी खा. रोज ५०० कॅलरी कमी केल्या की आठवड्याला अर्धा किलो, म्हणजे वर्षाला २६ किलो, गॅरंटीड. पण १२०० च्या खाली गेलात तर शरीर स्टार्वेशन मोडमध्ये, म्हणजे उपासमारीच्या अवस्थेत जातं आणि वजन उतरणंच बंद होतं. व्यायामात जेवढ्या कॅलरी जळतात तेवढ्या वर खाल्ल्या तरी चालतात. तिशी उलटली की मेटाबॉलिझम, म्हणजे शरीर कॅलरी जाळतं तो वेग, मंदावतो म्हणून आकडा दरवर्षी कमी करत जा. आणि शेवटचं, कॅलरी ती कॅलरी, कशातून आली याने काही फरक पडत नाही.

यातल्या बऱ्याच गोष्टींत थोडं थोडं खरं आहे, म्हणूनच लोकांचा पटकन विश्वास बसतो. पण माझ्या ओळखीतली चांगली धडधाकट माणसं हा मेसेज वाचून अर्धपोटी राहतायत, चिडचिड करतायत आणि तिसऱ्या आठवड्यात सगळं सोडून देऊन वर स्वतःलाच दोष देतायत, ते बघवत नाही म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय.

‘सगळ्यांना १२००’

हा आकडा आजचा नाही. अमेरिकेत १९१८ साली लुलू हंट पीटर्स नावाच्या डॉक्टर बाईंनी सामान्य लोकांना कॅलरी मोजायला शिकवलं आणि वजन उतरवायला १२०० चा सल्ला दिला, तेव्हापासून तो या ना त्या रूपात फिरतोच आहे. शंभर वर्षांत बाकी इतकं बदललं पण हा आकडा तसाच.

आता गणितच करून बघू. आराम करताना शरीराला किती कॅलरी लागतात याचा अंदाज काढायला १९९० साली आलेला मिफ्लिन-सेंट जिओर फॉर्म्युला सगळ्यात जास्त वापरतात. वजन किलोत गुणिले १०, अधिक उंची सेंटिमीटरमध्ये गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५, मग पुरुषांसाठी अधिक ५ आणि बायकांसाठी वजा १६१. जे उत्तर येईल त्याला हालचालीप्रमाणे गुणायचं, दिवसभर बसून असाल तर १.२, थोडंफार चालणं-फिरणं असेल तर १.३७५, आठवड्यातले बरेच दिवस नीट व्यायाम असेल तर १.५५.

तीन माणसं घ्या. ३४ वर्षांची बाई, उंची १६२, वजन ७४: नुसतं पडून राहिली तरी १४२० च्या आसपास, थोडंफार चालणं धरलं तर दिवसाला साधारण १९५५. दुसरा २८ वर्षांचा मुलगा, उंची १७८, वजन ९६, नियमित जिमला जाणारा: त्याचे होतात ३००० च्या आसपास. तिसरी ६० वर्षांची बाई, उंची १५०, वजन ५८, बहुतेक वेळ बसून: तिचे पूर्ण दिवसाचे जेमतेम १२७०.

आता या तिघांना १२०० द्या. त्या मुलाला रोज १८०० कॅलरीचा खड्डा, म्हणजे गरजेच्या निम्म्याहून कमी खाणं, आणि हे करून त्याने वजनं उचलायची. पहिल्या बाईला रोज साडेसातशेची तूट, काही दिवस जमेल पण कायमचं कोण करणार. आणि त्या साठ वर्षांच्या काकूंना १२०० म्हणजे जवळजवळ पूर्ण जेवण, त्यांचं वजन महिनाभरात काट्यावर दिसेल इतकंसुद्धा हलणार नाही. त्यांना सगळे म्हणणार की तुम्ही चोरून खात असाल. एकच आकडा एकाला उपासमार आणि दुसरीला रोजची गरज, हे इतकं सरळ असताना ‘कोणालाही चालतं’ असं लिहायला काही वाटत नाही का?

फॉर्म्युलाही अंदाजच आहे हे पण सांगते. बऱ्याच लोकांच्या बाबतीत तो प्रत्यक्ष मोजलेल्या आकड्याच्या दहा टक्क्यांच्या आत येतो, काहींच्या बाबतीत नाही येत. सुरुवात करायला चांगला, त्याहून जास्त भरवसा त्याच्यावर टाकायचा नाही.

‘५०० कमी करा, वर्षाला २६ किलो’

याच्या मागे मॅक्स विश्नोफ्स्की या डॉक्टरांनी १९५८ साली मांडलेला हिशोब आहे, एक पाउंड वजन म्हणजे ३५०० कॅलरी, किलोत सांगायचं तर साधारण ७७००. चरबीत साठलेल्या ऊर्जेचा अंदाज म्हणून हे ठीक आहे. घोळ होतो तो पुढे, कारण लोक ही रेघ सरळ वर्षभर ओढत नेतात. वजन उतरलं की शरीर लहान होतं, लहान शरीराला कमी लागतं, कमी खाल्लं की ते पचवायलाही कमी ऊर्जा जाते आणि नकळत माणूस हालचालही कमी करतो, लिफ्ट घेतो, बसून राहतो. म्हणजे पहिल्या दिवशी ५०० ची असलेली तूट सहा महिन्यांनी ५०० ची राहतच नाही.

अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमधले केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हे सगळं धरून मॉडेल मांडलं. त्यातला ढोबळ नियम असा की वजन जास्त असलेल्या माणसाने रोजचं खाणं २४ कॅलरीने कायमचं कमी केलं तर शेवटी एक किलो उतरतं, पण त्यातलं अर्धं उतरायला एक वर्ष जातं आणि जवळजवळ सगळं उतरायला तीन. या हिशोबाने ५०० ची कपात म्हणजे शेवटी वीसेक किलो, पण पहिल्या वर्षात साधारण दहा. मेसेज म्हणतो २६. वर्षभर नेटाने पाळून दहा किलो उतरवलेला माणूस हा मेसेज वाचून स्वतःला नापास समजतो, मला याचा सगळ्यात जास्त राग येतो. दहा किलो ही फार मोठी गोष्ट आहे हो!

आणि याच्या उलट पहिल्या आठवड्यात दोन-अडीच किलो गेले म्हणून हुरळूनही जाऊ नका, त्यात बरंचसं पाणी असतं. स्नायूत आणि लिव्हरमध्ये साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, स्वतःबरोबर साधारण तिप्पट पाणी धरून ठेवतं, खाणं कमी झालं की ते आधी जातं.

‘१२०० खाली गेलं की वजन उतरणं बंद’

थांबत नाही. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ तरुणांवर प्रयोग केला, सहा महिने दिवसाला साधारण १६०० कॅलरी आणि वर भरपूर चालणं. त्यांचं वजन जवळपास चौथा हिस्सा उतरलं. मेटाबॉलिझम मंदावला, नक्की मंदावला, पण वजन उतरायचं थांबलं नाही. त्याचबरोबर त्यांना सतत थंडी वाजायची, मन उदास असायचं, डोक्यात दिवसरात्र फक्त खाण्याचे विचार. खूप कमी खाण्याला विरोध करायचा तर त्याचं कारण हे आहे, आणि स्नायू झडणं, पित्ताशयात खडे होणं, शरीराला लागणाऱ्या गोष्टी न मिळणं, ही खरी कारणं आहेत.

मंदावण्याबद्दल २०१६ चा एक अभ्यासही सांगायलाच हवा. वजन उतरवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं तेव्हा त्यांचं शरीर आराम करताना अपेक्षेपेक्षा रोज साधारण ५०० कॅलरी कमी जाळत होतं. ते टोकाचं उदाहरण आहे, सगळ्यांचं असं होत नाही, पण झपाट्याने उतरवण्याच्या मागे लागू नये एवढं त्यातून कळतं.

मग ‘मी फक्त १२०० खाते तरी वजन हलत नाही’ म्हणणारे खोटं बोलतात का? अजिबात नाही, मोजण्यात चूक होते. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अशाच दहा जणांचा अभ्यास झाला, डाएट करूनही वजन उतरत नाही म्हणणारे. त्यांचा मेटाबॉलिझम नॉर्मल निघाला, पण प्रत्यक्ष खाण्यापेक्षा नोंद सरासरी ४७ टक्के कमी होती. माझ्या एका मैत्रिणीचं असंच अडलं होतं. तिच्या ॲपमध्ये रोज भाजीला एक मोठा चमचा तेल, १२० कॅलरी. मी तिला म्हटलं, अगं एकदा फक्त किचनच्या वजनकाट्यावर रिकामा पॅन ठेव, काटा शून्यावर आण आणि रोज ओततेस तसं बाटलीतून ओत. ३१ ग्रॅम भरलं. म्हणजे २७५ च्या आसपास. बिचारी काट्याकडे बघतच राहिली. त्यात तिचा काय दोष, तेल पॅनमध्ये पसरतं, डोळ्याला कळतच नाही. सगळं आयुष्यभर मोजायची गरज नाही पण तेल, लोणी, सुकामेवा, चीज आणि पिण्यातल्या कॅलरी, एवढं दोन आठवडे वजन करून बघाच.

‘व्यायामातल्या कॅलरी परत खा’

घड्याळाचा आकडा बघून खाणार असाल तर नको. स्टॅनफर्डमध्ये २०१७ ला मनगटावरची सात उपकरणं तपासली, हृदयाचे ठोके बहुतेकांनी बरोबर दाखवले पण कॅलरीत सगळ्यात चांगलं उपकरणही सरासरी २७ टक्के चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्के. शिवाय घड्याळ ४०० दाखवतं त्यात नुसतं बसून राहिला असता तरी जळल्या असत्या त्या कॅलरीही असतात. आणि वरच्या हिशोबात १.५५ ने गुणलं असेल तर व्यायाम त्यात आधीच धरलाय, तो पुन्हा खाल्ला की दोनदा मोजला. लांब पल्ल्याच्या धावण्याची तयारी वगैरे करत असाल तर वेगळं, तेव्हा जास्त खावंच लागतं.

‘तिशीनंतर मेटाबॉलिझम मंद’

हे चूक आहे. २०२१ मध्ये २९ देशांतल्या ६४०० हून जास्त लोकांचा डेटा एकत्र करून पाहिला तर शरीराचा आकार आणि घडण लक्षात घेतल्यावर २० ते ६० वयात मेटाबॉलिझम जवळपास सपाट निघाला, साठीनंतर वर्षाला साधारण ०.७ टक्क्याने उतरतो. तिशीत वजन वाढतं ते हालचाल, झोप, खाणं बदलल्यामुळे.

‘कॅलरी ती कॅलरी’

ऊर्जेचं माप म्हणून बरोबर. पण प्रोटीन पचवताना त्यातल्या २० ते ३० टक्के कॅलरी पचनातच खर्च होतात, कार्बोहायड्रेटच्या ५ ते १० टक्के आणि फॅटच्या जास्तीत जास्त तीनेक टक्के. आणि भुकेचं काय? २०१९ मध्ये केविन हॉल यांच्याच टीमने २० जणांना चार आठवडे आपल्याकडे ठेवून घेतलं, दोन आठवडे अल्ट्रा-प्रोसेस्ड, म्हणजे कारखान्यात खूप प्रक्रिया केलेले पदार्थ आणि दोन आठवडे साधे. दोन्हीकडे ताटात वाढलेल्या कॅलरी, साखर, फॅट, फायबर सारखं ठेवलं आणि हवं तेवढं खा म्हणून सांगितलं. अल्ट्रा-प्रोसेस्डवर लोकांनी रोज साधारण ५०० जास्त खाल्ल्या आणि दोन आठवड्यांत जवळपास एक किलो वाढले, साध्यावर तेवढेच उतरले. म्हणून आकडा तोच ठेवला तरी तो पाळणं सोपं जाईल की रोजची झुंज होईल हे ताटात काय आहे यावर ठरतं. प्रोटीन वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम ठेवलं तर पोटही भरलेलं राहतं आणि स्नायूही टिकतात.

मग स्वतःचा आकडा काढायचा कसा? फॉर्म्युल्याने सुरुवात करा, त्यातून १५ ते २० टक्के कमी करा, त्या ३४ वर्षांच्या बाईला म्हणजे १६०० च्या आसपास. मग चार-पाच आठवडे खाणं प्रामाणिकपणे लिहा आणि सकाळी उठल्यावर वजन करा, पण एका दिवसाचा आकडा बघून काही ठरवू नका, आठवड्याची सरासरी काढा. बायकांनी मागच्या महिन्यातल्या पाळीच्या त्याच दिवसांशी तुलना करावी कारण मध्ये पाण्याने किलो-दीड किलो सहज इकडेतिकडे होतं. पहिला आठवडा सोडून द्या. पुढच्या २८ दिवसांत सरासरी १६०० खाऊन १.२ किलो उतरलं असेल तर १.२ गुणिले ७७००, भागिले २८, म्हणजे रोजची तूट ३३० आली, म्हणजे तुमची खरी गरज १९३० च्या जवळपास. मोजण्यात थोडी चूक असली तरी ती चूक दर आठवड्याला सारखीच असेल तर हा हिशोब तुमच्यापुरता चालतो. हा आकडा तुमच्या शरीराने दिलेला आहे, कुठल्या मेसेजने नाही.

पाच-सहा किलो उतरले की पुन्हा करा. तीच बाई ६४ किलोवर आली की गरज १८२० च्या आसपास येते, म्हणजे १६०० खाऊन आता उतरण्याचा वेग कमी होणारच, त्यात काही बिघडलेलं नसतं. अजून उतरवायचं असेल तर शंभर-दीडशेने कमी करा किंवा चालणं वाढवा, आणि वजन ठीक वाटत असेल तर हळूहळू १८०० वर जाऊन तिथे राहा. दिवसाला ८०० च्या खालचे डाएट मात्र फक्त डॉक्टरांच्या देखरेखीखाली, स्वतःच्या मनाने कधीच नाही.

आणि ज्यांना दिवस गेलेत, जे बाळाला अंगावर पाजतायत, अठराच्या खालची मुलं, आधी कधी खाण्याशी संबंधित मानसिक आजार झालेले, किंवा डायबेटिसची औषधं घेणारे, यांनी वरचं गणित स्वतःवर लावू नका, डॉक्टर किंवा डाएटिशियनकडे जाऊनच ठरवा. इन्सुलिन चालू असेल तर खासच, कारण खाणं एकदम कमी झालं आणि डोस तोच राहिला तर साखर धोकादायक खाली जाते.