गिनीचं वाटोळं फक्त काका-पुतण्यांनी केलं का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार, एवढी सविस्तर कमेंट लिहिलीत त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं असं की इक्वेटोरियल गिनी या आफ्रिकेतल्या जुन्या स्पॅनिश वसाहतीवरच्या लेखात मी स्पेनवर उगाच खापर फोडलंय, स्पेनने कोकोचे मळे, शाळा, दवाखाने दिले आणि 1968 ला स्वातंत्र्य मिळाल्यावर पहिला राष्ट्राध्यक्ष मासियास आणि त्याच्यानंतरचा ओबियांग या काका-पुतण्यांनी सगळं धुळीला मिळवलं. त्या दोघांबद्दल आपला वादच नाही, मासियासच्या 11 वर्षांत हजारो माणसं मारली गेली, त्याहून कितीतरी जास्त देश सोडून पळाली, 3 ऑगस्ट 1979 ला पुतण्याने त्याला हटवलं आणि तेव्हापासून ओबियांगच राज्य करतोय.

पण हे दोघं आले कुठून ते बघा ना. मासियास स्पॅनिश सरकारकडे दुभाषी होता, मग मोंगोमो गावाचा महापौर झाला. ओबियांग शिकला स्पेनमधल्या सारागोसाच्या लष्करी अकादमीत. आणि राज्य करणारा स्पेन तरी कुठला, तर हुकूमशहा फ्रँकोचा, जिथे खुद्द स्पॅनिश माणसालाही सरकार बदलता येत नव्हतं! गिनीतला बहुतेक आफ्रिकन माणूस कायद्याच्या नजरेत अल्पवयीन मूल होता, सरकारी पालकत्वाखालचा, आणि ‘एमान्सिपादो’ म्हणून पूर्ण हक्क मिळायचे ते मूठभरांना. हे चाललं 1959 पर्यंत, 1964 ला स्वायत्तता आणि 12 ऑक्टोबर 1968 ला स्वातंत्र्य, म्हणजे नागरिक म्हणून जगायचा सराव जेमतेम 9 वर्षांचा.

कोकोचं म्हणाल तर मळ्यांत राबायला लायबेरियातून माणसं ज्या पद्धतीने नेली जायची त्याची लीग ऑफ नेशन्सला 1930 मध्ये चौकशी करावी लागली, पुढे मजूर नायजेरियातून यायला लागले. मळ्यांचं कौतुक करताना हे गाळून कसं चालेल?

‘एवढासा देश, चालवायला काय अवघड’ हे तर अजिबात पटलं नाही. क्षेत्रफळ 28,000 चौ. किमी, महाराष्ट्राच्या एक दशांशाहून कमी, हे खरं, पण स्वातंत्र्यावेळची राजधानी मालाबो बियोको बेटावर कॅमेरूनच्या किनाऱ्यासमोर, बहुतेक जमीन आणि फांग लोकांची वस्ती खाली मुख्य भूमीवर रिओ मुनीत, आणि अन्नोबोन बेट तर विषुववृत्ताच्याही दक्षिणेला. बियोकोच्या बुबी लोकांना फांग बहुसंख्येची भीती होती, त्यांच्या नेत्यांनी माद्रिदच्या घटना परिषदेत वेगळं होण्याची मागणी केली होती, ती बाजूला ठेवून एकच देश झाला आणि मासियासच्या काळात बुबींनी त्याची किंमत मोजली.

आणि ‘गेल्यावर स्पेनचा काय संबंध’ असं विचारलंत म्हणून हे मुद्दाम सांगतो. 1971 मध्ये फ्रँको सरकारने गिनीबद्दलची सगळी माहिती गोपनीय ठरवली, स्पॅनिश पेपरांना तिथल्या कत्तलींबद्दल लिहिता येईना, आणि ही बंदी उठली थेट 1976 ला. तिथून पळून आलेले लोक माद्रिदमध्ये राहत होते, त्यांनी सगळं डोळ्यांनी बघितलं होतं, आणि त्यांचं म्हणणं छापायला कुणाला परवानगी नव्हती.