‘वर्षाच्या आत वारं जातंच’ म्हणे!

गेल्या आठवड्यात आमच्या भावकीच्या ग्रुपवर एक मेसेज येऊन पडला. दोन दिवसांत लॅबमध्ये रक्त द्यायला आलेल्या दोघांनीही तोच मोबाईल पुढे करून दाखवला, म्हणजे लातूरकडे तो बराच फिरला असणार. मजकूर असा: ‘सावधान! हृदयाला मशीनचा पंप बसवला की वर्षाच्या आत अंगावरून वारं जातंच. कंपनीनं स्वतः पंप बाजारातून काढून घेतला, डॉक्टर लपवतात. नाडी बंद पडते, माणूस चालतं-बोलतं मढं होतो. रक्त पातळ करायच्या गोळ्यांनीच मेंदूत रक्त फुटतं. त्या सोडा, रोज उपाशीपोटी लसूण खा.’

माझ्या चुलत्याला असा पंप आहे, थकलेल्या हृदयाच्या मदतीला रक्त ढकलायला छातीत बसवलेला, एलव्हीएडी म्हणतात तो. काकूचा रात्री साडेदहाला फोन आला, ‘आरं, ह्यांच्या गोळ्या बंद करू का?’ म्हणून हे लिहायला बसलो. मी डॉक्टर नाही, तालुक्याच्या गावात लॅब चालवतो. पण काकांचं रक्त महिन्यातून दोन-तीनदा मीच काढतो.

आधी ‘वर्षाच्या आत जातंच’. पंप बसवलेल्याला लकव्याचा धोका असतो, ते कुणीच नाकारत नाही. रक्त फिरत्या पात्यावरून जातं, तिथं गुठळी धरली आणि ती सुटून मेंदूत गेली की वारं गेलंच. पण किती जणांना? हार्टमेट ३ हा आताचा पंप आणि त्याच्या आधीचा हार्टमेट २ यांची तुलना अमेरिकेत हजारावर रुग्णांमध्ये झाली, तिचे अंतिम आकडे २०१९ साली आले. दोन वर्षांत नव्या पंपाच्या ९.९ टक्के रुग्णांना लकवा झाला, जुन्याच्या १९.४ टक्के. म्हणजे नव्या पंपाच्या शंभरातल्या नव्वद जणांना दोन वर्षांत लकवा झाला नाही. जुन्या पंपाचं पातं माणकाच्या बेअरिंगवर फिरायचं. नव्याचं चुंबकाच्या जोरावर अधांतरी तरंगतं, कशालाच टेकत नाही. रक्ताला जायला वाट मोठी, घासणं कमी, म्हणून गुठळीही कमी. दहा टक्के हा आकडा मी लहान म्हणणार नाही. माझ्याच घरातला माणूस आहे.

मेसेज लिहिणाऱ्यानं एक गोष्ट सोयीनं गाळली. पंप न बसवता काय होतं? २००१ सालचा एक अभ्यास आहे, फार जुन्या, बोजड पंपाचा. त्यात हृदय पार थकलेल्या आणि नुसत्या औषधांवर ठेवलेल्या रुग्णांपैकी वर्षअखेर सुमारे २५ टक्केच जिवंत होते, पंपवाल्यांपैकी ५२ टक्के. आज पाच वर्षांनंतरही नव्या पंपाचे शंभरात ५८ रुग्ण हयात असतात. काका पंपाआधी न्हाणीघरापर्यंत चालले तरी दम लागून खाली बसायचे.

कंपनीनं पंप काढून घेतला, हे मात्र अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच लोकांना पटतं. मेडट्रॉनिकनं जून २०२१ मध्ये एचव्हॅड नावाच्या पंपाची विक्री थांबवली. त्यात मेंदूचे त्रास आणि मृत्यू जास्त दिसले होते, शिवाय बंद पडलेला पंप कधीकधी पुन्हा सुरू होत नव्हता. तो वेगळ्या कंपनीचा वेगळा पंप. आणि ज्यांच्या छातीत तो आधीच होता, त्यांचाही सरसकट काढा असं कुणी सांगितलं नाही. हे सगळं जाहीर निवेदन काढून झालं, मग लपवलं कुणी? एका कंपनीचा ट्रॅक्टर नादुरुस्त निघाला म्हणून गावातले सगळे ट्रॅक्टर कुणी भंगारात घालत नाही.

नाडीचं थोडक्यात. हा पंप धडधडत नाही, रक्त सलग ढकलत राहतो, म्हणून मनगटाला ठोके लागत नाहीत किंवा फार क्षीण लागतात. मागं एका दवाखान्यात नवीन पोरीनं काकांचा हात धरला आणि तिचाच चेहरा पांढरा पडला. काका म्हणाले, ‘बाई, म्या जित्ता हाय, छातीला कान लावून बघ.’ नळी लावली की आत मोटारीची बारीक घरघर ऐकू येते. बीपी पण पट्टा आणि डॉपलर (वाहत्या रक्ताचा आवाज टिपणारं यंत्र) लावून बघावं लागतं, नेहमीच्या मशीनवर भरवसा नाही. हे बीपी फार मोलाचं आहे. सरासरी दाब नव्वदच्या वर राहिला की मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती वाढते, एचव्हॅडच्या रुग्णांत हेच दिसलं होतं. लोणचं-पापड आवरा असं डॉक्टर उगाच सांगत नाहीत.

आता गोळ्या आणि लसूण. ह्या एका ओळीसाठी मला मेसेजवाल्याचा खरा राग आहे.

पंपवाल्याला रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन किंवा असिट्रोम चालू असते. रक्त किती पातळ आहे ते आयएनआर सांगतो, आणि तो सहसा दोन ते तीनच्या मध्ये ठेवायचा असतो. खाली गेला की गुठळीचा धोका, फार वर गेला की रक्तस्रावाचा. गोळ्यांनी रक्तस्राव होऊ शकतो हे खरं, पण त्यावर उपाय मोजणं हा आहे. निळ्या बुचाच्या नळीत खुणेपर्यंत बरोबर रक्त भरायचं, कमी पडलं तर आकडा चुकतो, मग पुन्हा टोचावं लागतं. काकांना ते ठाऊक आहे, ते स्वतःच नळी निरखत बसतात. गेल्या वेळ अमावस्येला शेतात दोन दिवस भज्जी आणि पालेभाजीवर ताव मारला आणि आयएनआर १.६ वर आला. पालेभाजीतलं व्हिटॅमिन के गोळीच्या उलट काम करतं. भाजी बंद करायची नाही, रोज साधारण तेवढीच खायची. उलटं, दाढ दुखली म्हणून मेडिकलवरून न विचारता आणलेली दुखण्याची गोळी किंवा अँटिबायोटिक रक्तस्राव ओढवू शकते. लसणाच्या चार पाकळ्यांनी आयएनआर दोन ते तीनमध्ये धरून ठेवता येत नाही, आणि गोळी सोडली तर ज्या वाऱ्याची भीती मेसेज दाखवतो तेच दारात बोलावलं जातं.

एक गंमत सांगतो. गोळ्या कमी करायचा विचार डॉक्टरांनीच केला, पण मोजूनमापून. २०२३ साली हार्टमेट ३ च्या ६२८ रुग्णांवरचा अभ्यास आला. वॉरफरिन चालू ठेवून फक्त जोडीला दिलं जाणारं अॅस्पिरिन वगळलं, तर रक्तस्राव ३४ टक्क्यांनी कमी झाला आणि गुठळ्या वाढल्या नाहीत. कोणती गोळी, कुणाची, कोणत्या पंपात, हे बघून ठरलं. काकांची अॅस्पिरिनही त्यांच्या डॉक्टरांनीच थांबवली, लसणानं नाही.

पंपाला बॅटरीची वीज पोचवणाऱ्या, पोटातून निघणाऱ्या वायरीबद्दल मेसेजमध्ये अक्षर नाही. तिथं पू झाला, जंतू रक्तात गेले, तर लकव्याचा धोका वाढतो. आमच्याकडच्या धुळीत आणि घामात ती ड्रेसिंग कोरडी ठेवणं हे काकूचं रोजचं काम आहे.

मी काकूला सांगितलं, गोळी चालू. आणि तोंड वाकडं झालं, बोबडी वळली, हातातला तांब्या निसटला, तर कबुतराच्या रक्तानं चोळत बसायचं नाही, जिथं सीटी स्कॅन आहे त्या दवाखान्यात तडक निघायचं. पंप आहे, एमआरआय चालत नाही, हे तिथं पोचताच पहिल्यांदा सांगायचं. आयएनआरची वही आणि चार्ज केलेल्या जास्तीच्या बॅटऱ्या दाराजवळच्या खुंटीला पिशवीत टांगून ठेवायच्या.