बाळाला न विचारता बोरन्हाण कसे करावे

बोरन्हाण बाळासाठी असतं असा तुमचा समज असेल, तर तो आधी मनातून काढून टाका. पुढचं सगळं सोपं जाईल. बाळ लागतं, नाही असं नाही. पाटावर कुणाला तरी बसवावं लागतं आणि कुणाच्या तरी डोक्यावर चुरमुरे ओतावे लागतात. पण तेवढी गरज भागली की त्याला कार्यक्रमात फार लुडबुड करू देऊ नका. त्याची झोपेची वेळ, खाण्याची वेळ, अनोळखी माणसांना पाहून त्याचं बावरणं, असल्या गोष्टी विचारात घेत बसलात तर फोटोग्राफर, डेकोरेशनवाला आणि डोंबिवलीच्या आत्या या तिघांची वेळ जन्मात जुळायची नाही.

तारीख तर लगेच धरा. संक्रांत ते रथसप्तमी एवढाच हंगाम, आणि तो दरवर्षी सारखा नसतो. संक्रांत सूर्याच्या हिशेबाने येते, रथसप्तमी माघ शुद्ध सप्तमीला. त्यामुळे मधले दिवस कधी ऐसपैस मिळतात, कधी हात आखडता घेऊन. २०२४ साली १५ जानेवारी ते १६ फेब्रुवारी असा चांगला महिनाभर मिळाला होता. २०२६ साली रथसप्तमी २५ जानेवारीलाच, म्हणजे वाट्याला रविवार आले दोन. अशा वर्षी एकाच संध्याकाळी एकाच इमारतीत दुसऱ्या, चौथ्या आणि सातव्या मजल्यावर बोरन्हाण असतं, आणि पोरं लिफ्टने वरखाली करत तिन्हीकडे लूट करतात. तुमच्याकडे येतील तेव्हा त्यांचे खिसे आधीच फुगलेले असतील. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. आमंत्रणात वेळ ‘सायंकाळी ५ वाजता’ अशी छापा, म्हणजे माणसं साडेसहाला येतील आणि कार्यक्रम साडेसातला सुरू होईल. बाळ साडेसातला झोपतं, हे तुम्हाला माहीत आहे. ते मनातच ठेवा.

कपडे काळे. यावर वाद नको. काळा रंग उष्णता धरून ठेवतो, म्हणून ऐन थंडीतल्या या सणाला काळं नेसायची पद्धत पडली, हे दिवाणखान्यात कुणीतरी काका सांगणारच आहेत. त्यांना पूर्ण बोलू द्या. मुंबईत जानेवारीतही दुपारी पारा तिशी ओलांडतो, हे त्यांना सांगू नका. आजीने जुन्या चंद्रकळेच्या मऊ सुताचं झबलं शिवून ठेवलं असेल, तर तिचं तोंडभरून कौतुक करा आणि ते कपाटात ठेवून द्या. बाळाला काळी मखमल घाला, आतून अस्तर असलेली, जरीच्या काठाची, मानेशी टोचणारी. बंद खोलीत तीस माणसं, वर डेकोरेशनचे दिवे, आणि चुरमुरे उडतात म्हणून पंखा बंद. एवढी ऊब मिळाल्यावर बाळाला थंडी वाजायची काय बिशाद!

आता हलव्याचे दागिने. हलवा करणं म्हणजे काय असतं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना विचारा. मंद शेगडीवर परात, तिच्यात तीळ नाहीतर खसखस, वरून चमच्या-चमच्याने साखरेचा पाक, आणि बोटांनी सतत फिरवत राहायचं. तासन् तास. घाई केली तर गोळा होतो, आच वाढली तर पाक पिवळा पडतो, आणि या सगळ्यातून निभावलं तर दाण्यांना तो पांढराशुभ्र काटा फुटतो. एके काळी घरातल्या बायका हे करायच्या, मग तो हलवा दोऱ्यात ओवून मुकुट, हार, बाजूबंद, मनगट्या, कंबरपट्टा करायच्या. तुम्ही हे करू नका. तुळशीबागेत किंवा दादरला पूर्ण संच खोक्यात घालून मिळतो, बाळकृष्णाचा वेगळा, राधेचा वेगळा, बासरीसकट.

संच घालण्याची योग्य वेळ कोणती, असा प्रश्न नव्या आईबाबांना पडतो. पाहुणे यायच्या तासभर आधी. एवढा वेळ बाळाला पुरेसा होतो. पहिल्या पाच मिनिटांत त्याला कळतं की मनगटी गोड आहे. पुढच्या दहा मिनिटांत उजव्या हाताची मनगटी संपते आणि डाव्या हाताची सुरू होते. लाळ आणि साखर यांचा ओघळ हनुवटीवरून मखमलीत उतरतो, तिथून आईच्या पैठणीवर. हलव्याचा काटा मानेला टोचून लाल चट्टा उठतो, तो फोटोत दिसत नाही. ॲपमध्ये घालवता येतो. मुकुट मात्र बाळ ठेवत नाही. कुठलंच बाळ ठेवत नाही. त्यासाठी एक माणूस पाटामागे, पडद्याआड, उकिडवा बसवून ठेवा. तो मुकुट धरून ठेवील. हे काम परंपरेने धाकट्या मामाचं.

सजावट कृष्णाचीच का, असं कुणी विचारलंच तर उत्तर कुटुंबाच्या ग्रुपवर आलेलं असतं: करी नावाच्या राक्षसाची नजर मुलांवर पडू नये म्हणून पहिलं बोरन्हाण कृष्णाला घातलं, तेव्हापासून ही रीत. गोष्ट छान आहे. तेव्हा मागे गोकुळ उभं करा. मटकी, मोरपिसं, पतंग, लटकते चांदणे, आणि मधोमध दिव्यांच्या अक्षरांत बाळाचं नाव, म्हणजे आलेल्यांना आपण नेमक्या कुणाच्या घरी आहोत ते कळेल. थर्माकोल वापरू नका, २०१८ पासून राज्यात त्याच्या सजावटीवर बंदी आहे. प्लास्टिकचा सनबोर्ड वापरा, तो कचऱ्यात टाकताना तेवढाच सात्त्विक वाटतो. सोफा, टीव्ही आणि आजोबांची आरामखुर्ची बेडरूममध्ये हलवा. आजोबांनाही.

साहित्याची यादी करताना मुख्य जिन्नस विसरू नका, तो म्हणजे चॉकलेट. बाकीचं आहेच: बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे ओले घाटे, भुईमुगाच्या शेंगा, गाजराचे तुकडे, रेवड्या, बत्तासे, हलवा, चुरमुरे. रानातून आणि शेतातून याच दिवसांत जे येतं तेच पोरांच्या पोटात जावं, एवढा साधा हिशेब होता. बोरं घ्यायला गेलात तर बाजारात चमेली असतात, चेकनट असतात, उमराण असतात. आंबटगोड, छोट्या चण्यामण्या बोरांकडे बघूही नका. ती फोटोत बारीक दिसतात. ॲपल बोर घ्या. हिरवंगार, गुळगुळीत, लहान सफरचंदाएवढं. ते दीड हात उंचीवरून दहा महिन्यांच्या टाळूवर पडलं की जो आवाज होतो तो रीलमध्ये संगीताखाली दाबता येतो.

इथे एखादी डॉक्टर मैत्रीण तोंड उघडेल. अख्खे शेंगदाणे, हरभरे, कडक गोळ्या, बोराच्या बिया चार-पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती लागू देऊ नयेत, श्वासनलिकेत अडकतात, दरवर्षी अशी मुलं दवाखान्यात येतात, असं ती सांगेल. तिचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. म्हणूनच तिला पुढच्या वर्षी बोलावू नका. ज्या सोहळ्यात पाच वर्षांखालचं मूल मधे बसवून त्याच्याभोवती नेमका याच वस्तूंचा सडा घालायचा असतो, तिथे हे बोलणं अपशकुनी. एवढंच करा, की ती दिसेल अशा ठिकाणी बसून बाळाचं तोंड बोटाने तपासत राहा. तीही गप्प बसेल, आणि बाळाच्या गालफडात काल हरवलेलं रिमोटचं बटणही सापडेल.

मग तो क्षण. बाळाला पाटावर ठेवा. ते उठेल. पुन्हा ठेवा. ते पाट सोडून रांगोळीकडे जाईल आणि रांगोळी खाईल. मुकुट धरणाऱ्या मामाला दुसऱ्या हाताने कंबरपट्टाही धरायला सांगा. आता समोरून एकदम तीस फोन वर होतील. ज्या चेहऱ्यांना बाळ ओळखतं ते सगळे फोनमागे गेले, उरल्या त्या चौकोनी काळ्या पाट्या, आणि एक अनोळखी बाई वाकून डोक्यावर काहीतरी ओततेय. बाळ भोकाड पसरतं. या रडण्याला घाबरू नका, उलट त्याची वाट बघा. ते सुरू झालं की खोलीतल्या सगळ्या बायका एकाच सुरात ‘अगं बाई, घाबरलं गं!’ असं प्रेमाने म्हणतात आणि पुढची बाई ओंजळ भरते. लहान मुलांची भीती मोडावी, वरून काही पडलं तर त्यांनी दचकू नये, असंही बोरन्हाणाचं एक कारण सांगतात. तेव्हा जेवढं घाबरेल तेवढं बरं.

आणि ओतणं एकदा होत नाही. पहिल्यांदा फोटोग्राफरचा फ्लॅश उडत नाही. दुसऱ्यांदा आत्याची पाठ मधे येते. तिसऱ्यांदा ‘जरा हळू, स्लो-मोशनमध्ये घ्यायचंय’. चौथ्यांदा आई आणि बाबा एकमेकांकडे बघून हसत ओततात, यात बाळ दिसलं नाही तरी चालतं.

एवढा वेळ शेजारपाजारची पोरं कुठे होती? दोरीमागे. खरं तर बोरन्हाण म्हणजे या पोरांची चैन. चुरमुरे बाळाच्या डोक्यावरून निसटले की झडप घालायची, फ्रॉकच्या ओच्यात, टोपीत, तोंडात, मिळेल तिथे भरायचं. बोरं कोण खातं, शेंगा कोण फोडतं, धक्काबुक्की, हशा. बाळालाही यातलंच थोडंफार आवडत असावं, कारण पोरं जवळ आली की ते रडायचं थांबतं आणि समोरची एक रेवडी हळूच चिमटीत धरून बघतं. तेव्हा पोरांना लांब ठेवा. ‘आत्ता नाही, फोटो होऊ देत!’ हे वाक्य संध्याकाळभर कुणीतरी एकाने ओरडत राहायचं. शेवटी दोरी सोडाल तेव्हा चॉकलेटं आठ सेकंदांत साफ होतील आणि बोरं, घाटे, करवे, गाजरं तशीच पडून राहतील. ती भरून पिशवीत घाला आणि दुसऱ्या दिवशी कामवाल्या मावशींना ‘मुलांसाठी’ म्हणून द्या. त्या हसून घेतील. चुरमुरे कितीही झाडले तरी सोफ्याच्या फटीत, मिक्सरच्या मागे, बुटात राहतात. त्याला इलाज नाही.

हळदीकुंकू त्यातच उरकून घ्यावं, म्हणजे एका खर्चात दोन कार्यक्रम. वाणाला प्लास्टिकचे डबे द्या. सगळ्यांकडे आहेत, म्हणून तर देतात. तिळगूळ वाटताना गोड बोलायला सांगा; आत्या आणि मावशी यांच्यात थीमच्या रंगावरून झालेली बोलाचाली तोपर्यंत मिटलेली असेल असं धरून चाला.

न्यू जर्सीत किंवा डॅलसमध्ये असाल तर बोरं मिळत नाहीत म्हणून खट्टू होऊ नका. मार्शमेलो ओता. डोक्याला लागत नाहीत, पांढरे दिसतात, आणि चुरमुरे भारतीय दुकानात मिळतातच. बाहेर थंडी असल्यामुळे काळ्या कपड्यांचं कारण तिथे खरं ठरतं, हा वरकड फायदा. बाकी रडणं, मुकुट, मामा सगळं तसंच. मामा नसेल तर ऑफिसातला एखादा मित्र बसवा, पण त्याला काय करायचंय ते आधी समजावून सांगा.

पाहुणे गेले, दिवे निघाले, फोटोग्राफर ‘दोन आठवड्यांत लिंक पाठवतो’ म्हणून गेला, की बाळाची मखमल उतरवा. ते एव्हाना तुमच्या खांद्यावर झोपलेलं असेल, मनगटाला दोरा तेवढा उरलेला. नेमक्या याच वेळी आजी देवघरातून विचारते, ‘औक्षण कुणी केलं गं?’

कुणीच केलेलं नसतं. तबक तयार होतं, निरांजनात फुलवात घातलेली होती, पण ते दिव्यांच्या अक्षरांपुढे येत होतं म्हणून कुणीतरी फ्रिजवर ठेवलं होतं. आता घाबरून जाऊ नका आणि बाळाला उठवूही नका. आजीला करू द्या. ती आजोबांच्या आरामखुर्चीपाशी येईल, झोपलेल्याच कपाळाला कुंकू टेकवेल, ओवाळेल, सोफ्याच्या फटीतले चार चुरमुरे बोटांनी काढून डोक्यावरून सोडील आणि बाळ झोपेतच नाक उडवील. हे होताच आजीला थांबवा आणि सांगा, ‘आई, पुन्हा एकदा कराल का? फोन चार्जिंगला होता.’