टर्बोला शिव्या घालणारा तो मेसेज

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज माझ्याकडे चार ग्रुपांवरून आला. 'खऱ्या स्पोर्ट्स कारला टर्बो नसतो, टर्बो ही कंपन्यांची फसवणूक आहे' अशी सुरुवात, खाली पाच मुद्दे आणि शेवटी 'जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा'. मी सोडून दिलं असतं. पण सावद्याच्या एका केळीवाल्या मित्राने तो पुढे ढकलून खाली विचारलं, "मग टर्बोवाली नको घेऊ का भो?" त्याच्यासमोर दोन सेकंडहँड बीएमडब्ल्यू एम-३ आहेत. एक जुनी चार लिटर व्ही-८ (आठ सिलिंडरांचं इंजिन), बिनटर्बो. दुसरी तिच्यानंतर आलेली, तीन लिटर, सहा सिलिंडर, दोन टर्बो. पैसे त्याचे जाणार आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधीच सांगतो, मला स्वतःला बिनटर्बो इंजिन जास्त आवडतं. म्हणूनच या मेसेजचा राग जास्त आला.

पहिला मुद्दा: 'टर्बोची ताकद उसनी, हवा कोंबून काढलेली.' कोंबलेली आहे, उसनी नाही. जळलेल्या पेट्रोलच्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा सायलेन्सरवाटे वाऱ्यावर जातो. त्याच धुरावर एक चक्र फिरवायचं आणि त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाच्या पंख्याने सिलिंडरात हवा दाबून भरायची, एवढाच टर्बो. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये याचं पेटंट घेतलं. म्हणजे सांडलेलं उचलून परत भांड्यात टाकणं झालं. त्यात फसवणूक कसली? आता मित्राच्या दोन गाड्या बघा. व्ही-८ ची ताकद ४२० पीएस (साधारण हॉर्सपॉवरच), तीही ८३०० आरपीएमला, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला तेवढे फेरे झाल्यावर. टॉर्क, म्हणजे ओढायची शक्ती, ४०० एनएम. टर्बोवालीची ४३१ पीएस, म्हणजे फरक अकराचा. पण टॉर्क ५५० एनएम, आणि तो १८५० आरपीएमपासूनच हातात. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

दुसरा मुद्दा: 'पाय दाबल्यावर दोन सेकंदांनी गाडी उठते.' हे एकेकाळी खरं होतं. उधना-जळगाव रेल्वेमार्गावर विजेच्या तारा येण्याआधी डिझेल इंजिनं धावायची, ती ज्यांनी पाहिली त्यांनी हा उशीर, म्हणजे लॅग, डोळ्यांनी पाहिलाय. ड्रायव्हरने नॉच (ताकदीची पायरी) वाढवला की डोक्यावर काळ्या धुराचा लोट उठायचा. डिझेल जास्तीचं गेलेलं असायचं, पण टर्बोने अजून वेग घेतलेला नसायचा, हवा कमी पडायची. थोड्या वेळाने धूर आपोआप निवळायचा. १९७५ ची पहिली पोर्शे ९११ टर्बो याच खोडीसाठी बदनाम होती. वळणात काहीच नाही, आणि मग एकदम सगळं! पण त्यानंतर टर्बो लहान आणि हलके झाले, एकाचे दोन झाले. पोर्शेने २००६ मध्ये ९११ टर्बोला आतली पाती कमी-जास्त उघडणारा टर्बो दिला, आणि २०२४ च्या ९११ जीटीएसमध्ये तर टर्बोच्या शाफ्टवर विजेची मोटारच बसवली, धुराची वाट बघायला नको म्हणून. बिनटर्बो इंजिन पायाचं बोलणं जास्त सरळ ऐकतं, हे मात्र मी आजही मान्य करतो. पण दोन सेकंद? नाही.

तिसरा मुद्दा आमच्याकडे सगळ्यात जास्त चालला: 'खानदेशच्या उन्हात टर्बो पन्नास हजारांच्या पुढे टिकत नाही.'

अहो, रावेर-सावद्याची केळी दिल्लीला कोण नेतं? टर्बो लावलेले डिझेल ट्रकच ना? मे महिन्यात ४५ अंशांत, पूर्ण लोडवर, लाखो किलोमीटर. उन्हाने टर्बो मरत नाही, तो ऑइलने मरतो. त्याचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. गेल्या महिन्यात गॅरेजला एक पिकअप आला, टर्बो ऑइल फेकत होता. खोलला, शाफ्ट दोन बोटांत धरून हलवला तर टकटक वाजला. ऑइलच्या बारीक पाइपात डांबरासारखा कार्बन, सुईने खरवडून काढावा लागला. मालकाने दोन सर्व्हिसा चुकवलेल्या. वर सवय अशी, की चाळीसगावहून कन्नड घाट चढायचा आणि माथ्यावर चहासाठी थांबलं की लगेच चावी बंद. तापलेल्या टर्बोतलं ऑइल जागच्या जागी शिजतं. मिनिटभर आयडलवर ठेवली असती तर वाचला असता. महागड्या गाड्यांमध्ये इंजिन बंद झाल्यावरही पाणी फिरवत ठेवणारा पंप असतो, तरी ही सवय लावून घ्यायला पैसे पडत नाहीत.

उन्हाबद्दल मेसेज अर्धा खरा आहे, पण त्याला स्वतःलाच ते कळलेलं नाही. १५ अंशांच्या मानाने ४५ अंशांची हवा जवळपास नऊ टक्के विरळ असते. बिनटर्बो इंजिनाला मिळेल त्या हवेवर भागवावं लागतं. टर्बो थोडा जोरात फिरून भरपाई करू शकतो, पण त्याच्या इंटरकूलरवरून (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीवरून) जाणारा वाराही ४५ चाच. दाबलेली हवा नीट थंड होत नाही, इंजिन ठोकू नये, म्हणजे पेट्रोल आपोआप भडकून खडखडू नये, म्हणून कॉम्प्युटर ठिणगीचं टायमिंग मागे ओढतो आणि भर दुपारच्या ट्रॅफिकमध्ये गाडी सुस्त वाटते. त्यात आपल्याकडे वेचणीच्या दिवसांत कापसाचे तंतू इंटरकूलरच्या जाळीत बसतात. मी त्याचे गादीसारखे थर सोलून काढलेत. याउलट तोरणमाळला चला. सुमारे ११५० मीटर उंचीवर हवा दहा टक्क्यांहून जास्त विरळ. तिथे बिनटर्बो इंजिन धापा टाकतं, टर्बोला फारसं कळतही नाही.

आणि बिनटर्बो म्हणजे बिनखर्ची असंही नाही. मित्राच्या यादीतल्या त्या व्ही-८ मध्ये कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग झिजतात, हे ते इंजिन वापरणाऱ्यांना जगभर माहीत आहे. ते वेळेत बदलले नाहीत तर अख्खं इंजिन जाऊ शकतं.

चौथा मुद्दा, फेरारी आणि लॅम्बोर्गिनी टर्बोला हात लावत नाहीत म्हणे. फेरारीची एफ-४० ही १९८७ ची, दोन टर्बोंची. २०१५ मध्ये बिनटर्बो ४५८ च्या जागी आलेली ४८८ ही टर्बोवाली. लॅम्बोर्गिनीने हुराकानचा व्ही-१० बंद करून २०२४ मध्ये टेमेरारिओ आणली. तिच्यात दोन टर्बोंचा व्ही-८, सोबत विजेच्या मोटारी, आणि इंजिन दहा हजार आरपीएमपर्यंत फिरतं. मुद्दा संपला.

पाचवा, 'टर्बोचं मायलेज खोटं.' हळू चालवा, मिळतं. दाबून चालवा, पितो. स्पोर्ट्स कार घेऊन मायलेज विचारणाऱ्याशी मी वाद घालत नाही.

गंमत अशी, की जे लिहायला हवं होतं तेच मेसेजात नाही. टर्बोचं चक्र धुराच्या वाटेत बसतं, त्यामुळे आवाज दबतो. बिनटर्बो व्ही-८ चार हजारांवर गुरगुरतो, सहा हजारांवर सूर बदलतो आणि आठ हजारांपर्यंत चढतच राहतो. ताकदही त्या आवाजासोबत वाढत जाते. टर्बो सगळं आधीच देऊन मोकळा होतो. त्या चढणीसाठीच पोर्शे अजून ९११ जीटी-३ मध्ये नऊ हजार आरपीएमचं चार लिटर बिनटर्बो इंजिन ठेवते, आणि फेरारीने २०२४ मध्येही नव्या गाडीत साडेसहा लिटरचा बिनटर्बो व्ही-१२ दिला. आवडीसाठी एवढं कारण पुरेसं आहे. त्यासाठी टर्बोबद्दल खोटं कशाला बोलायचं?

मित्राला सांगितलं, व्ही-८ घेणार असशील तर बेअरिंगचे पैसे बाजूला काढ, टर्बोवाली घेणार असशील तर ऑइल कधी कधी बदललं त्याची बिलं माग. त्याने दोन्ही चालवून पाहिल्या. काल फोन आला. इंजिनाचं अजून ठरलेलं नाही, पण दोन्ही गाड्या त्याच्या वाडीच्या गेटवरच्या चढाला खालून घासतात, तेव्हा सध्या आधी गवंडी शोधणं चालू आहे.